उकळी थांबेपर्यंत

१५ एप्रिल, मंगळवार

संस्थेच्या रजिस्टरात मी रोज तापमान लिहिते, गोडी लिहिते आणि सही करते. डोकं फिरलं तर ते लिहायला तिथे रकाना नाही. म्हणून माझ्या लेकीची, वेदिकाची, पाचवीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. पहिल्या पानावर तिने गांडुळाची आकृती काढली आहे. राहू दे ती. शेतकऱ्याचा मित्र म्हणतात त्याला, आणि यंदा आम्ही सगळेच सेंद्रिय झालो आहोत.

आमच्या तळेकोंडावर, म्हणजे आमच्या वाडीवर, काजूच्या बोंडांची वाइन होते, असं सांगितलं की रत्नागिरीतली माणसंसुद्धा आधी हसतात. काजूची बी सगळ्यांना हवी, बोंडू मात्र झाडाखाली सडायचा. गावाने मिळून सहकारी संस्था काढली तेव्हा मी मिरजोळ्याला एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत लॅबमध्ये होते. कोंडावर बी.एस्सी. झालेली मी एकटी, म्हणून मला धरलं. 'धरलं' हाच शब्द बरोबर आहे. परवान्यावर जाणकार म्हणून माझं नाव आहे, शेडची एक किल्ली माझ्याकडे आहे आणि रात्री टाकी उतू गेली तर हाकही मलाच येते.

यंदाचा ठराव असा, की बागेत फवारणी नाही, टाकीत विकतचं यीस्ट नाही आणि ती पांढरी पावडर तर नाहीच. आंबवण बिघडू नये म्हणून आजवर आम्ही ती टाकायचो. आता बोंडाच्या सालीवर जे निसर्गाने दिलं आहे त्यानेच काम करायचं. त्यासाठी आज वाघजाईच्या देवळात नारळ झाला. आमच्याकडे कागदावरच्या सहीपेक्षा नारळावरचा हात मोठा. प्रत्येक सभासदाने हात ठेवून "बाहेरचं काही घालणार नाही" असं म्हटलं आणि नारळ लाल फडक्यात बांधून तुळईला टांगला. वाइन निर्मळ उतरली की तो खाली घेऊन फोडायचा. ज्याने शब्द मोडला, त्याने पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने तेच काम निर्मळ करून नारळ उतरवायचा आणि तोवर गावाबाहेर बिऱ्हाड करायचं नाही. शेडमध्ये माझ्या मदतीला असते त्या सगुणाच्या सासऱ्यांनी पाटाच्या पाण्यावरून शब्द मोडला होता, त्यांची मुंबईची नोकरी गेली, पण ते हलले नाहीत.

माझ्या सासूबाई मागे खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी काय सबासद नाय. माजा हात लावायचा काय?" आमचे अध्यक्ष भागोजीकाका म्हणाले, "नको वयनी, तुमच्यावर काय बंधन नाय." भागोजीकाका माळकरी आहेत. वाइन जिभेला लावत नाहीत, नुसत्या वासावर अध्यक्षपद चालवतात.

उरलेली पावडर कुठे टाकायची हे मात्र ठरावात आलंच नाही. शेतात टाकता येत नाही, पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात टाकता येत नाही. शेवटी मी पिशवीला गाठ मारून ती घरी माळ्यावर टाकली.

हे माझं शेवटचं वर्ष. माझ्या नवऱ्याला, गौरवला, बदलापूरला खोली मिळाली आहे. जूनमध्ये वेदिकाची सहावी तिकडे सुरू करायची, मीही तिकडेच. लग्नाला तेरा वर्षं झाली, नवरा मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी इथे बोंडं पिळते. शेवटची टाकी शांत झाली की मी सुटले.

२ मे

आज शेवटची मोठी टाकी भरली. सकाळपासून बायका बोंडं वेचत होत्या. पडलेला बोंडू त्याच दिवशी यायला हवा, दुसऱ्या दिवशी त्याला वेगळाच दर्प येतो. बोंडाचा रस घशाला खवखवतो, ती खवखव काढायला आम्ही तांदळाची पेज घालतो. पेजेबरोबर तुरटपणा खाली बसतो. सगुणाने पेजेत सवयीने मीठ टाकायला हात उचलला, तो मी वरच्या वर धरला. ती म्हणाली, बिनमिठाची पेज देवाला पण देत नाहीत. मी म्हटलं, देवाला टाकीत आंबायचं नसतं.

संध्याकाळी सासूबाई शेडमध्ये आल्या. त्यांना झाकणातून निघालेली नळी आवडते. तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं आणि आत उकळी आली की बुडबुड बुडबुड आवाज येतो. खरी उकळी नव्हे ती, पण सगळे उकळीच म्हणतात. त्यांनी विचारलं, ही थांबायची कधी. मी म्हटलं, रसातली सगळी गोडी खाऊन झाली की आपोआप. तीन आठवडे लागतील, चार लागतील, ती आपल्या मनाची मालकीण. आधी पावडर होती तेव्हा बरं होतं, टाकली की उकळी झोपायची. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पोर निजला की आयस मोकळी." मला हसू आलं. म्हटलं, तसंच समजा.

७ मे

वेळणेश्वरला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. मी गेले नाही. टाकी आज दोनदा उतू गेली, फेस पार भिंतीपर्यंत. वेदिकाला सगुणाच्या मुलीबरोबर पाठवलं. आईने फोनवर विचारलं की जावयाला रजा नाही हे समजलं, पण तुला कसली रजा नाही. काय सांगणार? माझ्या माहेरच्या माणसांना वाटतं मी दारू गाळते.

सासूबाई म्हणाल्या होत्या, तू जा, मी बसते टाकीपाशी. मी तुसडेपणाने म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळतंय. दुपारी बघते तर त्या अंगणात कुळीथ भाजत बसल्या होत्या. मला कुळथाच्या वासानेच रडू आलं, कारण लग्नाच्या जेवणाची वेळ होती.

११ मे

गौरवचा फोन. शाळावाले म्हणतात तीस मेपर्यंत मुलीला घेऊन समक्ष या, नाहीतर जागा जाईल. मी म्हटलं टाकी तोवर होईलच असं नाही. तो म्हणाला, टाकी महत्त्वाची की मुलगी. हा प्रश्न विचारायला त्याला काही लागत नाही, तिकडे बसून विचारायचा आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मीही बोलायचं ते बोलले, मग दोघंही कोरडं कोरडं 'ठेवतो', 'ठेव' म्हणून थांबलो.

सासूबाईंचा सपाटा चालूच आहे. कुळथाचं पीठ, आमसुलं, तांदळाचे पापड, सुकवलेला जवळा. प्रत्येक जिन्नस प्लास्टिकच्या पिशवीत, वर त्यांची ती दुहेरी गाठ, जी नखाने सुटत नाही, दातच लावावे लागतात. सगळं ओटीवर मांडून ठेवतात, येता-जाता माझ्या पायात. मला त्यातला अर्थ कळत नाही असं नाही. बघ, हे सगळं सोडून चाललीस, असंच सांगायचं असणार. तोंडाने एकदाही 'जाऊ नको' म्हणत नाहीत. तोंडाने म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

त्यांचंही कठीणच आहे म्हणा. मामंजी, म्हणजे काशीराम, आयुष्यभर मुंबईत गोदीत होते. गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे. "गणपतीला येतो" म्हणून जायचे, तेवढ्यावर ह्या दिवस काढायच्या. निवृत्त होऊन आले आणि दुसऱ्याच वर्षी गेले. आता आम्ही गेलो की एवढ्या घरात त्या आणि मांजर. अशा बाईने सुनेला का सोडावं?

१४ मे

संस्थेची बैठक. मी म्हटलं, सगुणाला शिकवते, ती बघेल टाकी. सगुणा घाबरून म्हणाली, मला ती गोडी मोजायची काचेची नळी बघूनच थरथर सुटते. भागोजीकाकांनी मग माझी स्तुती सुरू केली. सानिका आहे म्हणून संस्था आहे, सानिका म्हणजे कोंडाची लक्ष्मी. गावाला माणूस बांधायला दोरी लागत नाही, कौतुक पुरतं. ठरलं काय, तर टाकी पूर्ण शांत झाल्याशिवाय, वाइन निथळून दुसऱ्या पिंपात गेल्याशिवाय मी जायचं नाही. मी हो म्हणून आले. नाही म्हणायला जीभ उचलली नाही, हा माझा जुना रोग.

घरी येऊन जेवताना फुटले. ताट सरकवलं आणि म्हटलं, ही टाकी आहे तोवर माझी सुटका नाही. ती उकळी थांबेल तेव्हा मी सुटेन, नाहीतर मी अशीच मरणार इथे. वेदिका घास हातात धरून बघत राहिली. सासूबाई उठल्या आणि भांडी घासायला गेल्या. मला वाटलं, निदान एक शब्द तरी बोलतील.

१७ मे

टाकी गप्प आहे.

काल मी शाळा सोडल्याचा दाखला आणायला दिवसभर बाहेर होते. शेडची किल्ली सासूबाईंकडे देऊन गेले होते, त्यांनी स्वतःच मागितली होती, वेळ जातो म्हणाल्या. आज सकाळी आत शिरले आणि आधी कळलंच नाही की काय चुकलंय. मग लक्षात आलं, आवाज नाही. बाटलीतलं पाणी हलत नव्हतं. गोडी मोजली तर निम्मीसुद्धा संपलेली नाही. आपोआप थांबायची ही वेळच नव्हे. आंबवण अर्ध्यात अडकली.

झाकण उघडलं तर काडी ओढल्यासारखा वास नाकात गेला. काल वायरमन येऊन गेला म्हणे, त्याने विडी ओढली असेल. उद्या त्याला बघते.

सासूबाईंना सांगितलं, थांबली उकळी. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग आता जाशील?" म्हणाल्या. इतका राग आला मला. अर्ध्यात थांबणं आणि पूर्ण होणं यातला फरक सांगत बसायची ताकद नव्हती. म्हटलं, आता तर मुळीच जाता येत नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. आनंद झाला असेल, दाखवला नाही.

२१ मे

यंदा पाऊस मेमध्येच आला आहे आणि शेड गार पडली आहे. टाकीला गोणपाटं गुंडाळली, भोवती गरम पाण्याची पिंपं ठेवली, दुसऱ्या पिंपातली जिवंत, अजून उकळणारी वाइन आणून आत घातली. एक बुडबुडा नाही. अर्धवट गोड वाइन बाटलीत भरता येत नाही, भरली तर फुटेल. टाकून द्यावी तर कोंडाचं अख्खं वर्ष त्यात आहे. मी बसले की टाकीकडे बघत बसते आणि ती माझ्याकडे बघते. दोघीही अडकलेल्या.

डोक्यात आता भलभलते विचार येतात. मी जाऊ नये असं कुणाला वाटतं? भागोजीकाकांना. शेडची दुसरी किल्ली कुणाकडे? भागोजीकाकांकडे. आज मी त्यांना तोंडावर विचारलं की तुम्ही आत काही केलं का. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाले, "बाय, मी वासाला जातंय तेवढाच." मला शरम वाटली, पण संशय गेला नाही.

त्यातच पुण्याहून प्रमाणपत्रवाल्या संस्थेचा माणूस आला. त्याचं येणं आधीच ठरलेलं होतं. सगळ्या टाक्यांतले नमुने घेऊन गेला. सेंद्रियचं लेबल त्याच्या अहवालावर. मी त्याला चहा दिला आणि मनात म्हटलं, निदान त्या बाजूने आम्ही स्वच्छ आहोत.

२५ मे

गौरव म्हणाला, सगळं सोड आणि ये. सरळ गाडीत बस. मी बॅगेत वेदिकाचे कपडे भरले आणि परत काढले. पाय निघत नाही. मला जायचं आहे, याची मला खात्री आहे. मग अर्धमेली टाकी सोडवत का नाही, हे मला सांगता येत नाही. वेदिका म्हणाली, आई, तू एक काय ते ठरव. तिचंही बरोबर आहे.

सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. रोज विचारतात, काय झालं टाकीचं, निघायची का गो. मी रजिस्टर उचलून शेडकडे निघते.

२८ मे

मोठी बॅग काढायला माळ्यावर चढले. काही झालं तरी तीसला वेदिकाला शाळेत नेऊन आणायचं, असं ठरवलं होतं. बॅगेच्या मागे ती पावडरची पिशवी होती. हात लागला आणि हलकी वाटली. मी ठेवली तेव्हा जवळजवळ भरलेली होती, आता तळाशी मूठभर. आणि गाठ माझी नव्हती. मी एकेरी मारते. ही दुहेरी होती, नखाने न सुटणारी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वायरमन झाला, पाऊस झाला, माळकरी माणसाला तोंडावर विचारून झालं. काडी ओढल्यासारखा वास! पावडरीतल्या गंधकाचा तो वास लॅबमध्ये मी जन्मभर घेतला आणि माझ्याच टाकीत मला ओळखता आला नाही. नाही म्हणजे नाहीच, त्या टाकीत तो असूच शकत नाही, असं मी धरून चालले होते.

शिडीवरच बसून राहिले. खालून सासूबाई गुणगुणत भाकरी थापत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका तिरस्कार वाटला, की तो इथे लिहितानाही हात आवळतो आहे. सांगायचं होतं ना, जाऊ नको म्हणून. पाया पडायचं होतं. हे काय, गोठ्यातल्या गाईसारखं पायात लोढणं अडकवायचं?

बोलले नाही. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

३१ मे

काल शाळेत गेलो नाही. सकाळीच अहवाल आला आणि भागोजीकाका ओले होत घरी आले. मोठ्या टाकीत पावडर सापडली. शाळेत गौरवने जाऊन हातापाया पडून शाळा उघडेपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.

आज देवळात सगळ्यांना बोलावलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भागोजीकाका म्हणाले, त्या दिवसांत जो जो शेडमध्ये पाऊल टाकून आला, सभासद असो नसो, त्याने नारळाखाली उभं राहून सांगायचं. आधी वायरमन झाला, मग सगुणा. तिला रडूच फुटलं. मग त्यांची नजर बायकांत फिरली आणि मागच्या खांबाशी थांबली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. त्या खोटं बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. वाघजाईसमोर तर नाहीच. आणि मग कोंडावर त्यांना उरलेल्या आयुष्यात कुणी हळदीकुंकवालाही हाक मारली नसती, विधवा म्हणून आधीच मारत नाहीत ते सोडाच, पण लग्नकार्याला, बारशाला, कुठेच.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी टाकली. टाकी बिघडेल म्हणून घाबरले."

दया आली म्हणून नव्हे. राग तेवढाच होता, आताही आहे. पण त्या म्हातारीचा तो पिठाचा हात सगळ्यांदेखत नारळाकडे जाताना मला बघवला नसता. त्या "अगो" म्हणून पुढे आल्या, मी त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं. जरा जोरातच धरलं.

भागोजीकाकांनी वर नारळाकडे बघितलं. मग म्हणाले, नारळ पुढच्या वर्षी तुझ्याच हातून उतरायचा. तोवर बिऱ्हाड इथेच. ही वाइन जेव्हा होईल तेव्हा लेबलाशिवाय विकू. कुणी आरडाओरडा केला नाही. सगुणाने जाताना माझ्याकडे पाठ केली.

गौरवला सांगितलं, मीच टाकली असंच सांगितलं. तो म्हणाला, मग आता? मला तेच विचारायचं होतं कुणालातरी.

१ जून

आज घरात फक्त आम्ही दोघी होतो. मी माळ्यावरची पिशवी आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? राहिले मी.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोलले. मग म्हणाल्या, "तूच बोललीस ना गो, उकळी थांबली की मी सुटले. म्हणून निजवली तिला. नारळाला माजा हात लागला नव्हता. भागोजी बोलला, तुमच्यावर बंधन नाय. मला वाटला, आपुन केला तर कुणाचाच शब्द मोडत नाय आणि तू जाशील."

त्या पुढे म्हणाल्या, "मी बसले जल्मभर ह्या ओटीवर. गणपतीला येतो, शिमग्याला येतो. तुज्यावर तसा नको होता यायला. वेदिकाच्या तर नकोच नको."

ओटीवरच्या सगळ्या पिशव्या, पीठ, आमसुलं, जवळा, मला पायात अडथळा वाटत होत्या. ती माझी शिदोरी होती. महिनाभर ती बाई मला निरोप देत होती आणि मी तो निरोप दावं म्हणून वाचला. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लग्न होऊन आल्यापासून असं पहिल्यांदा झालं. त्यांनी केसांतून हात फिरवला, हाताला कांद्याचा वास होता.

मग त्या उठायला लागल्या. म्हणाल्या, भागोजीकडे जाऊन सगळं सांगते. मी जाऊ दिलं नाही. आता सांगून काय होणार? मी वाघजाईसमोर खोटं बोलले हे आणखी वर निघेल. देवीला खरं काय ते माहीत आहे, ती आमच्या दोघींचं बघून घेईल.

८ जून

वेदिकाचं काय, हा प्रश्न उरला होता. गौरवच्या शिफ्ट रात्रीच्याही असतात, पोर एकटी कशी राहणार. वर्ष इथेच काढू, असं मी म्हटलं, तर वेदिका आत जाऊन झोपली. सासूबाई रात्री उशिरापर्यंत पडवीत बसून होत्या. सकाळी म्हणाल्या, "मी जाते तिच्यासोबत."

सगळं आयुष्य मामंजींनी त्यांना कधी मुंबईच्या खोलीवर नेलं नाही, जागा लहान आहे म्हणून. त्या मुंबईला दोनदा गेल्या, दोन्ही वेळा इस्पितळात कुणाला तरी बघायला. गॅसची शेगडी त्यांना घाबरवते, लिफ्टमध्ये त्या डोळे मिटतात. तरी म्हणाल्या, तुझ्या वाटणीचं मी करते तिकडे, माझ्या वाटणीचं तू कर इकडे. मी नको नको म्हटलं. पण दुसरं काहीच सुचत नव्हतं आणि त्यांनाही ते कळत होतं.

१४ जून

सकाळच्या गाडीने तिघं गेली. गौरव काल न्यायला आला होता. रात्री त्याला खरं सांगितलं. तो उठून आईच्या अंथरुणापाशी जाऊन बसून आला.

सासूबाईंनी नेसूचं चांगलं लुगडं काढलं होतं. ओटीवरच्या पिशव्यांतल्या निम्म्या त्यांनी घेतल्या आणि निम्म्या माझ्यासाठी फळीवर लावून ठेवल्या, त्याच गाठी मारून. स्टेशनवर वेदिका माझ्या गळ्यात पडली, मग गाडीत बसल्यावर लगेच खिडकीतून बाहेर बघण्यात रमली. तसंच असायला हवं. गौरव दारात उभा होता. गाडी हलताना म्हणाला, "गणपतीला येतो." मी "ये" म्हटलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

घरी आले. मांजराला भात घातला. एका माणसाची चूल पेटवायचा कंटाळा आला म्हणून शेडमध्ये गेले. सवयीने थर्मामीटर काढला आणि हात तसाच राहिला. बाटलीत एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळाने दुसरा. पावडरीचा जोर ओसरला होता, आत कुणीतरी जगून राहिलं होतं. मी पालथ्या पिंपावर बसून तिसरा येईपर्यंत वाट बघितली. मग रजिस्टरात तापमान लिहिलं, गोडी लिहिली आणि सही केली.

सांगायला आसपास कुणी नव्हतं. संध्याकाळी फोन लावला, ती मंडळी नुकती पोचली होती. मी म्हटलं, आई, उकळी सुरू झाली.

तिकडे मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग त्यांनी विचारलं, "मग आता थांबायची कधी?"

मी म्हटलं, थांबेल आपोआप. तुम्ही जेवलात का?